एकाच घराचे दोन हप्ते

८ मार्च, रविवार

ही डायरी नातीच्या विमा कंपनीची. दर वर्षी गिऱ्हाइकांना वाटतात आणि उरलेल्या टेबलाखाली धूळ खात पडतात. मला म्हणाली, "आजी, तू मला फोन करून दिवसभर जे ऐकवतेस ना, ते यात लिहीत जा. माझ्या मीटिंगा तरी नीट होतील." मी म्हटलं, माझी शाळा चौथीत संपली, काना-मात्रा चुकेल. म्हणाली, "तपासायला कोण येतंय?" तेही खरंच. म्हणून लिहायला घेतलं. नाहीतर एवढा चांगला कागद वाया जायचा.

नातीला मी फूटपट्टी म्हणते. लहानपणी माझी शिवणाची टेप गळ्यात घालून फिरायची आणि झोपलेल्या मांजराची शेपटी मोजायची. मांजर ओरबाडायचं, ही पुन्हा मोजायची. आता त्याच खोडीचा पगार घेते. तिचे आईबाप दुसऱ्या शहरात. ही इथेच नदीपलीकडे चढावर खोली घेऊन राहते आणि रविवारी माझं डोकं खायला येते.

१५ मार्च, रविवार

आज आली ती तोंड पाडून. चहाचं बिस्किट कपात विरघळलं तरी हिचं लक्ष नाही. शेवटी मीच म्हटलं, "कोणी मारलं का ऑफिसात?"

"नाही गं. नवीन दर ठरलेत. पुराच्या विम्याचे. मीच ठरवलेत."

मग समजावून सांगितलं. आजवर नदीकाठच्या अख्ख्या खालच्या गल्लीला एकच हप्ता होता. वर राहा, खाली राहा, पाणी उंबरठ्याशी येवो नाहीतर गळ्याशी, सगळ्यांना सारखाच. आता तसं नाही. ज्याच्या घरात पाणी शिरायची भीती जास्त, त्याला हप्ता जास्त. जमीन किती खोल, खोलीची फरशी किती वर, नदी किती जवळ, पाण्याला बाहेर पडायला वाट आहे की नाही, सगळं बघायचं.

"म्हणजे माझा वाढणार."

"हो."

"आणि वरचीचा?"

तिनं कपातलं विरघळलेलं बिस्किट चमच्यानं ढवळलं. "धाकट्या आजीचा कमी होईल."

हे घर दोन सख्ख्या भावांनी मिळून बांधलं. थोरल्याला खालचा मजला, धाकट्याला वरचा. भाऊ दोन्ही गेले, उरलो आम्ही दोघी जावा. मी खाली पडदे शिवते, ती वर रेडिओ लावते. भिंती त्याच, पाया तोच, छपराचं गळणंही एकच. आणि आता तिला स्वस्त, मला महाग! आयुष्यभर ती माझ्या डोक्यावर चालली, हे कमी होतं का? मी नातीला म्हटलं, शाळेत तुझी फी मी पडदे शिवून भरली, ती याच्यासाठी का?

जाताना तिनं माझ्या मशीनमागच्या गळक्या नळाला बांधलेलं फडकं पिळून वाळत घातलं. कोणी सांगितलं होतं?

१९ मार्च, गुरुवार

गल्लीत बातमी फुटली. समोरचा गवंडी आणि कोपऱ्यावरचा चष्मेवाला माझ्या दारात येऊन उभे.

"काकू, तुमच्या नातीनं आमच्या पोटावर पाय दिला की हो!" चष्मेवाला म्हणाला.

"तुझं पोट एवढं पुढे आलंय, पाय लागणारच," मी म्हटलं. "आणि माझ्या नातीनं नदी इथे आणून सोडली का? नदी आधीची आहे. तिनं फक्त सांगितलं की ती तिथे आहे."

दोघे गेले तोंड घेऊन. पोरीबद्दल मी काहीही बोलेन, ती माझी आहे. दुसऱ्यानं बोलायचं काम नाही.

२२ मार्च, रविवार

आज तिला सरळ विचारलं. आडपडदा मला जमत नाही, मी नुसते पडदेच शिवते. म्हटलं, "गल्लीचं राहू दे. आपल्या घरापुरता तो आकडा जरा खाली आण. कुणाला कळतंय?"

ती हसली नाही, रागावलीही नाही. माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली, लहानपणी बसायची तशी.

"आजी, मी आकडा खाली आणला तर पाणी खाली येईल का?"

"पाण्याचं मी बघते. तू आकड्याचं बघ."

"आणि मी ऑफिसात सांगून टाकलंय की या गल्लीत माझी आजी राहते. आपलं घर मोजायला दुसरा माणूस येईल. मला हातही लावता येणार नाही."

"सांगायची काय गरज होती?"

"होती."

हे 'होती' तिच्या आजोबांसारखं म्हणाली. तेही असंच बोलायचे, एक शब्द, आणि मग दोन दिवस कोणी काही म्हणायचं नाही. मला असला राग आला! आणि तिच्या डोळ्यांखाली काळं झालंय. खात नाही काही. डब्यात उकडलेली अंडी बांधून दिली. रागाशी अंड्यांचा काय संबंध.

२७ मार्च, शुक्रवार

वर तीन दिवस नुसता धडधडाट. धाकटी गल्लीकडची मोठी खोली रिकामी करतेय. कपाट ओढल्याचा आवाज, ठोकाठोकी, एक सुतारही येऊन गेला. जिन्यात भेटली तर विचारलं, "काय गं, राजवाडा बांधतेस का?"

"काही नाही ताई, अडगळ होती. म्हटलं मोकळी करावी."

अडगळ! मला सगळं कळतं. हप्ता कमी होणार म्हणून बाईसाहेबांच्या अंगात आलंय. भाडेकरू ठेवणार. आता वरून दुसऱ्याच कुणाचे बूट ऐकायचे. फूटपट्टी परवा वर जाऊन तासभर कुजबुजून आली, तीही सामील असणार. मला विचारत होती, "आजी, तुझा गुडघा पलंगावरून उठताना दुखतो की बसताना?" मी म्हटलं, तुला विचारताना दुखतो.

२ एप्रिल, गुरुवार

गवंड्यानं डोकं चालवलं. म्हणाला, "काकू, फरशीची उंची बघतात ना? मग उंबरठा वर घेऊ. उंबरठा वर म्हणजे घर वर."

मला पटलं. पाणी दारातून येतं, दाराशी अडलं की झालं. शिवाय मोजायला येणारा माणूस आधी दारातच येणार, छपरातून थोडाच येणार. नात हेड ऑफिसला गेलीय आठवडाभर, नाहीतर तिला विचारलं असतं. म्हणजे, विचारलं नसतंच.

त्यानं माझ्या दारात विटांचा असा उंबरठा चढवला की गुडघ्याशी येतो. वर गुळगुळीत सिमेंट. छान दिसतो. माझा बघून चष्मेवाल्यानं केला, मग त्याच्या शेजारणीनं, मग सगळ्यांनीच. आता गल्लीत प्रत्येक जण घरात शिरताना घोड्यावर बसल्यासारखा पाय टाकतो. पोस्टमन आज माझ्या दारात आडवा झाला. पत्रं कोरडी राहिली, एवढं बरं.

९ एप्रिल, गुरुवार

मोजणारा आला. कोवळा माणूस, टाय बांधलेला, हातात उभी मोजायची काठी. मी कोरा करकरीत कप काढला, बिस्किटं काढली, पंखा त्याच्याकडे वळवला. तो उंबरठा ओलांडायला लागला आणि पँट अडकली. टर्रकन आवाज. मी म्हटलं, काढा, शिवून देते. म्हणाला, नको नको.

आणि मग त्यानं काठी कुठे ठेवावी? उंबरठ्यावर नाही. खोलीच्या मध्यावर! फरशीवर!

"अहो, घर त्या तिकडून सुरू होतं," मी म्हटलं.

"आजी, पाण्यात सामान भिजतं ते फरशीवरचं. उंबरठा नाही भिजत." तो मान खाली घालून लिहीत होता, पण खांदे हलत होते. "बाहेर अख्ख्या गल्लीत असेच उंबरठे आहेत. हे काय आहे?"

"फॅशन," मी म्हटलं.

मग मोरीत डोकावला, मोरीच्या भोकात बॅटरी मारली, मीटर किती खाली आहे ते बघितलं, भिंती ठोकल्या. मागची पँट हातानं धरून गेला. चहा अर्धाच प्यायला.

१४ एप्रिल, मंगळवार

कागद आला. माझा हप्ता चौपट. धाकटीचा निम्मा. तिनं तो कागद मला दाखवला नाही, हेही मला लागलं. दाखवला असता तर त्याहून लागलं असतं.

रात्री जेवले नाही. भूक नव्हती इतकंच, दुसरं कारण नाही. एवढा हप्ता मला झेपणार नाही. विम्याशिवाय राहायचं तर एक पाणी आलं की मशीन, कापड, लोकांचे पडदे, सगळं मातीत. आणि घर सोडायचं तर जायचं कुठे? मुलाकडे जाणार नाही. सून चांगली आहे, पण तिच्या घरात माझ्यासाठी खुर्ची शोधावी लागते. इथे मी दारात बसले की गल्ली माझी. कोण कुणाकडे गेलं, कुणाचा दिवा रात्री लागलाय, मला न कळता इथे मांजर व्यायलेलं नाही.

१९ एप्रिल, रविवार

फूटपट्टी आली. दारातच उभी राहून उंबरठ्याकडे बघत राहिली. मग मटकन त्यावरच बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की डोळे पुसायला लागली, आणि मग पुसतच राहिली. मी म्हटलं, हसू आवर, गल्ली बघतेय.

"आजी, हा काढून टाक. आत्ताच्या आत्ता."

"का? बाहेरचं पाणी अडवेल."

"आपल्याकडे पाणी आधी दारातून येत नाही गं. नदी चढली की गटार भरतं आणि मोरीतून वर येतं. आत आलं की या उंबरठ्यानं बाहेर जाणार नाही. घराची टाकी होईल."

"चौपट हप्ता लावलास, आता उंबरठाही काढायला सांगतेस. उद्या दारच काढून ने."

तिनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला. मग म्हणाली, "हप्ता किती ते नको बघूस. तो आकडा काय सांगतोय ते बघ. तो सांगतोय की माझी आजी जिथे झोपते तिथे पाणी येणार आहे." आणि गेली. अंडी न घेता गेली.

उंबरठा काढला नाही. ठरवलंच होतं.

२९ एप्रिल, बुधवार

काल नदीच्या वरच्या भागात धो धो पाऊस झाला म्हणे, इथे नुसता रिमझिम. सकाळी पाय खाली टाकला तो पाण्यात. दार बंद, खिडकी बंद, बाहेर गल्ली कोरडी म्हणावी इतपत, आणि माझ्या खोलीत पाणी! मोरीचं भोक बुडबुड बोलत होतं. उजाडता उजाडता पोटऱ्यांपर्यंत आलं. आणि त्या गवंड्याचा उंबरठा, एक थेंब बाहेर जाऊ देईल तर शपथ. इतकं चांगलं काम त्यानं आयुष्यात दुसरीकडे केलेलं नाही.

मी शिवणाच्या टेबलावर चढून बसले, मांडीवर चष्मेवाल्याच्या मुलीच्या लग्नाचे पडदे. गुडघा आखडला. उतरता येईना. हाक मारायची तर लाज वाटली. म्हटलं उतरेल आपोआप.

तेवढ्यात जिन्यात धाप लागल्याचा आवाज. धाकटी! जिला बादलीतल्या पाण्याची भीती वाटते, ती. दार ढकललं, उंबरठ्यावर पाय टाकला आणि सरळ पाण्यात उतरली, डोळे गच्च मिटून.

"ताई, कुठे आहात?"

"डोळे उघड म्हणजे दिसेन."

"नाही उघडत. बोलत राहा, मी आवाजानं येते."

आली. माझा हात पकडला तो असा की अजून वळ आहेत. मी तिला धरलं की तिनं मला, सांगता येत नाही. तिकडून गवंडी घण घेऊन धावत आला आणि आपलाच उंबरठा फोडायला लागला. फुटेना. घाम गाळत म्हणतो, "काकू, माल चांगला वापरला होता हो!" शेवटी एक वीट निघाली आणि माझी खोली गल्लीत वाहायला लागली. माझी एक चप्पल त्यात गेली. चष्मेवाल्यानं पकडली.

१ मे, शुक्रवार

दोन दिवस वर आहे. खालची फरशी वाळतेय. लोकांचे पडदे वाचले, मशीनची मोटर गेली.

धाकटीची ती मोठी खोली अजून रिकामीच. भाडेकरू आलेला दिसत नाही, बिचारीचा खर्च फुकट गेला. पलंग करून घेतलाय तोही असा बुटका की आल्यागेल्याला चालणार नाही, माझ्यासारख्या गुडघेवालीला बरा. खिडकीशी खुर्ची. तिथून तर गल्लीचं टोकसुद्धा दिसतं, माझ्या दारातून नाही दिसत ते. चष्मेवाला दुपारी दुकान बंद करून झोपतो, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं! खिडक्यांना पडद्याच्या दांड्या लावल्यात पण पडदे नाहीत. असलं अर्धवट काम तिचंच. आणि भिंतीत मशीनच्या उंचीवर विजेचा पॉइंट. भाडेकरूला काय करायचा तिथे?

तिला म्हटलं, पडदे कधी लावणार? म्हणाली, "शिवणारं कोणी मिळालं पाहिजे ना ताई." आणि रेडिओचा आवाज कमी केला, मी न सांगता.

३ मे, रविवार

फूटपट्टी आली. मला वर बघून सरळ मिठी मारली. हाडं दुखली माझी. मग कागद पसरून बसली.

म्हणाली, खालच्या मजल्याचा हप्ता कमी करायचा रस्ता आहे, तो नियमातच आहे आणि सगळ्या गल्लीला सांगणार आहेत. खाली कोणी झोपायचं नाही. मीटर आणि तारा वर घ्यायच्या. मोरीच्या भोकाला आतून मिटणारं झाकण. आणि समोरासमोरच्या भिंतींना जमिनीलगत भोकं पाडायची, म्हणजे पाणी या बाजूनं आलं तर त्या बाजूनं जाईल, भिंतीला ढकलत बसणार नाही.

"नवऱ्यानं बांधलेल्या भिंतीला मी भोकं पाडू?"

"हो. म्हणजे भिंत राहील."

"आणि मी झोपू कुठे? रस्त्यावर?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. धाकटी नख खात होती. या वयात! नात तोंड उघडणार तेवढ्यात मीच म्हटलं, "हे बघ धाकटे, तुझी खोली रिकामी पडलीय. भाडेकरू काही येत नाही. तुझं नुकसान मला बघवत नाही. मी राहते. पण रेडिओ सकाळी नाही लावायचा."

धाकटी म्हणाली, "बरं झालं बाई, मला काळजीच लागली होती भाडेकरूची." आणि घाईघाईनं आत गेली. आत नळ किती वेळ सोडून ठेवला होता. पाण्याची किंमत नाही हिला.

नात मात्र दात काढत बसली होती. कशाला ते तिलाच ठाऊक.

२४ मे, रविवार

भोकं पाडली. गवंड्याला अख्ख्या गल्लीत काम मिळालं. आधी उंबरठे चढवायचे पैसे, मग फोडायचे, आता भोकांचे. या पुरात तरून गेलेला हा एकच माणूस. भोकांना मी जाळी लावून घेतली, उंदरांनी राहायला येऊ नये म्हणून.

मशीन वर चढवायला चौघे लागले. जिन्यात अडकलं तेव्हा माझा जीव अडकला. दुपारी मी खाली दारात खुर्ची टाकते, गिऱ्हाइकं घेते, मापं घेते, संध्याकाळी वर. खालचा हप्ता पुन्हा पूर्वीइतका आला. चष्मेवाला दारात येऊन म्हणाला, "काकू, पोरगी हुशार आहे हो तुमची." मी म्हटलं, "आत्ता दिसलं? चष्मा बदल."

१६ जून, मंगळवार

नदी आली. रेडिओवर परवापासून सांगत होते, पहाटे आली.

आम्ही दोघी खिडकीत. खाली माझ्या खोलीत पाणी एका बाजूनं शिरलं आणि दुसऱ्या बाजूनं निघालं, पाहुणा घाईत असावा तसं. धाकटी म्हणाली, "ताई, डोळे मिटू का?" मी म्हटलं, मिट, मी सांगते काय होतंय ते. मग सगळं सांगितलं. कुणाची बादली वाहत गेली, गवंडी छपरावर कसा उभा आहे, चष्मेवाल्याच्या पाटीवर बगळा कसा बसलाय. बगळा ऐकून तिनं डोळे उघडले.

दुपारी पाणी उतरलं आणि जिन्यात फतफत आवाज. फूटपट्टी. ऑफिसला दांडी मारून, पूल बंद म्हणून लांबचा वळसा घालून, अर्ध्या मांड्यांपर्यंत चिखल. दारात उभी राहून आधी माझ्याकडे बघितलं, मग धाकटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"काय मोजतेस?" मी म्हटलं.

"काही नाही. पाण्याची खूण कुठवर आलीय ते बघायला आले. ऑफिसचं काम."

"खूण खाली आहे. तू वर काय बघतेस?"

"जाते," म्हणाली आणि खुर्चीत बसली. धाकटीनं गरम चहा दिला. दोन घोट घेतले नाहीत तो टेबलावर डोकं टेकून झोपली. बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून. असल्या मुलीला कंपनी पगार कशाचा देते देव जाणे. धाकटी म्हणाली, उठवू का, तिचं काम राहील. मी म्हटलं, झोपू दे. भिंतीवरचा डाग कुठे पळून जात नाही.

धाकटीनं तिच्या अंगावर पांघरूण घातलं. माझं घातलं, नवीन, परवाच धुतलेलं, आणि पोरगी चिखलानं बरबटलेली. मी बघितलं. आणि पायाकडून ते नीट खोचलं.